नावाचं व्हाउचर

मराठी भाषेत एका अनुस्वाराला फार किंमत आहे. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं, आणि 'नावं ठेवणं' म्हणजे बारसं आटोपून घरी परतताना जे चालतं ते. पहिलं काम आत्या एकदाच करते, दुसरं काम सगळे नातेवाईक जन्मभर करतात. मी पुण्यात जन्मलो, पुण्यातच वाढलो, तेव्हा दुसऱ्या कामात माझा हात चांगला बसलेला होता. पहिल्याच्या वाटेला मात्र मी कधी गेलो नव्हतो. आमच्या चिरंजिवांचं नावसुद्धा माझ्या बहिणीने परस्पर ठरवलं आणि मला पेढे वाटायला उभं केलं. पण उतारवयात माणसाला नको ते डोहाळे लागतात. मी एका अख्ख्या गावाच्या नावाचा इतिहास तयार केला. ठरवून नव्हे, बोलता बोलता. त्याची ही हकिगत.

मी मूळचा सदाशिव पेठेतला. आमचा वाडा पडला, त्या जागी सहा मजली इमारत उभी राहिली आणि तिच्यातल्या जागांचे भाव आमच्या पेन्शनीकडे बघून हसले. मग चिरंजिवांनी धायरीत फ्लॅट घेतला आणि आम्ही उभयता त्यांच्यामागून पाटा-वरवंट्यासकट येऊन दाखल झालो. नातेवाइकांनी आम्हाला असा निरोप दिला, की जणू आम्ही काशीला निघालो होतो. "धायरी म्हणजे सिंहगडाला जाताना लागते तीच ना?" मावसभावाने विचारलं. मी हो म्हटलं. "मग येऊ की एकदा, सिंहगडाला जाऊ तेव्हा," तो म्हणाला. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तो या जन्मी सिंहगडाला जाणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

२०१७ साली अकरा गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यांत धायरी होती. म्हणजे कायद्याने मी आता पुन्हा पुणेकर आहे. पण पेठेतला पुणेकर असले कायदे मानत नाही. त्याच्या लेखी लकडी पूल ओलांडला की परदेश सुरू होतो.

तसं पाहिलं तर पेठांनी नावाचा एवढा तोरा मिरवायचं कारण नाही. आठवड्याचे सातही वार पेठांना वाटून टाकले, यात कल्पकता ती कसली? तेही जुनी नावं पुसून. आजची गुरुवार पेठ ही एके काळची वेताळ पेठ. शुक्रवार म्हणजे विसापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. मग माणसांच्या नावांची पाळी आली. सदाशिव पेठ ज्यांच्या नावाची, ते सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. नारायण पेठ ज्यांच्या नावाची, त्या नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला. म्हणजे जी नावं आम्ही पाकिटावर इतक्या ऐटीत लिहायचो, ती अकाली गेलेल्या दोन तरुण माणसांची होती. पन्नास वर्षं तो पत्ता लिहूनही हे माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही. पत्ता लिहिताना माणसाला पिनकोड आठवत नसतो, तिथे पानिपत कुठून आठवणार?

आता मुख्य गुन्ह्याकडे येतो.

आमच्या सोसायटीचा गणेशोत्सव होता. चौथ्या दिवशी लहान मुलांचे नाच होते आणि ऐन वेळी स्पीकरने मान टाकली. मंडपात पऱ्या, मावळे, कोळणी आणि एक वाघ असे सगळे मेकअप करून खोळंबले होते. सेक्रेटरी घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "काका, पाच-दहा मिनिटं काहीतरी बोला ना. तुम्ही सिटीतले जुने. इतिहास वगैरे." पुण्याच्या माणसाला माइक आणि 'इतिहास वगैरे' ही दोन्ही एकदम मिळाली, की त्याला थांबवणं पोलिसांच्याही हातात राहत नाही.

सुरुवात मी चांगली केली होती. पुण्याचं नाव इ. स. ७६८ सालच्या राष्ट्रकूट राजाच्या ताम्रपटात 'पूनक विषय' असं सापडतं, हे सांगितलं. विषय म्हणजे त्या काळचा परगणा. "तेव्हापासून आजतागायत पुण्यात विषयांची टंचाई कधी पडली नाही," असं म्हणालो. हशा पिकला. मग शेजारपाजारच्या गावांकडे वळलो. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द. फारसीतलं 'बुजुर्ग' म्हणजे थोरलं, त्याचं आपण बुद्रुक केलं. 'खुर्द' म्हणजे धाकटं. "म्हणजे प्रत्येक थोरल्या वडगावाला एक धाकटा भाऊ असतो, आणि पाण्यावरून त्यांचं पटत नसतं." टाळी पडली. इथवर मी जे बोललो, त्या प्रत्येक गोष्टीला कागदाचा आधार होता. मग पहिल्या रांगेतली पाच-सहा वर्षांची एक परी पंख सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, मग धायरी म्हणजे काय?"

खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. 'मला माहीत नाही.' घरात हे शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. चष्मा कुठे आहे, गॅसचा नंबर कधी लावला, विजेचं बिल भरलं का, सगळ्याला माझं हेच उत्तर असतं. पण समोर दीडशे माणसं, हातात माइक आणि नुकती पडलेली टाळी. तीन शब्द घशाशी आले आणि टाळीच्या धाकाने मागे फिरले. माझी नजर मंडपाबाहेर गेली. दूरवर सिंहगड दिसत होता, वर तो टीव्हीचा मनोरा. आणि मला सुचलं. सुचलं म्हणजे झालं, मी मोकळा सुटलो.

"१६७० सालचा फेब्रुवारी महिना," मी आवाज खाली आणला. "तानाजी मालुसरे गडावर कामी आले. त्यांचा देह याच वाटेने नेत होते. वाटेवरच्या या गावाने तो पाहिला आणि बायाबापड्यांनी धाय मोकलली. धाय मोकलून रडणं, आपण म्हणतो ना! आणि संस्कृतात 'अरि' म्हणजे शत्रू. जिथे शत्रूलासुद्धा धाय मोकलून रडू आलं, ती धाय-अरि. धायरी!"

मंडप क्षणभर गप्प झाला. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग जी टाळी पडली, तशी माझ्या आयुष्यात आधी कधी पडली नव्हती. मावळे झालेल्या पोरांनी घोषणा दिल्या. वाघसुद्धा ओरडला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवत विचारलं, "अहो, पण हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"कुठेतरी वाचलंय," मी म्हटलं. एका थापेला दुसरीचा टेकू लागतो, तो असा.

इथे वाचकांना माझा पेशा सांगायला हवा, म्हणजे गुन्ह्याचं वजन कळेल. मी नोकरीत ऑडिटर होतो. पस्तीस वर्षं लोकांची व्हाउचरं तपासली. पाहुण्याला पाजलेल्या चहाची पावती नाही, म्हणून मी मोठमोठ्या साहेबांच्या बिलांवर लाल शाईने प्रश्नचिन्हं काढली आहेत. 'आधार काय?' हे माझं पालुपद. कचेरीत मला मागून त्याच नावाने हाक मारत. त्या माणसाने एका गावाच्या खात्यावर साडेतीनशे वर्षांचा खर्च टाकला आणि पावती जोडली नाही.

थाप आपल्या पायांनी चालू लागते, हे मी ऐकून होतो. पाहिलं ते त्या वर्षी. दिवाळीच्या सुमारास मोबाइलवर कोणीतरी मलाच तो मजकूर पाठवला. 'तुम्हाला हे माहीत आहे का?' असं शीर्षक होतं, आणि सुरुवात 'इतिहासकार सांगतात' अशी. इतिहासकार म्हणजे मी. मध्ये कोणीतरी भर घातली होती, की त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. पुढच्या खेपेला तो मजकूर आला तेव्हा गावातल्या गाईंनीही चारा सोडला होता. एकदा धायरी फाट्यावरून रिक्षा केली, तर रिक्षावाल्याने ती गोष्ट मला सांगितली आणि वर म्हणाला, "हे पूर्वापार चालत आलंय, काका." पूर्वापार म्हणजे पाच महिने.

आता खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. आणि गंमत वाटते म्हटल्यावर मन वकिली करू लागतं. मी स्वतःला म्हणायचो, जगात हेच चाललं आहे. मुंबईचंच बघा. पोर्तुगीज भाषेत 'बॉम बाहिया' म्हणजे चांगला उपसागर, त्यावरून बॉम्बे, असं मोठमोठे लोक सांगत आले. आता पोर्तुगीजमध्ये हा 'बाहिया' स्त्रीलिंगी आहे, तेव्हा तिला 'बॉम' नव्हे, 'बोआ' म्हणायला हवं. म्हणजे आपण 'चांगला बायको' म्हणावं तसलं हे झालं. पण व्याकरण चुकलं म्हणून ती गोष्ट मेली नाही. मुंबादेवी तिथे आधीपासून बसलेली असताना लोक उपसागराचीच कथा सांगत राहिले. १९९५ साली सरकारी कागदांतलं नाव बदललं, तरी ती कथा पेन्शन घेऊन अजून फिरते आहे. मग माझी धायरी काय वाईट? कोणाचं काय गेलं? ऐकणाऱ्याचे डोळे भरून आले, गावाला मान मिळाला, तानाजींना वंदन झालं. अशा खोट्याला खोटं म्हणावं का?

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचो आणि लगेच 'म्हणू नये' असं उत्तर देऊन झोपी जायचो.

पहिला खडा पडला तो नातवामुळे. तो सातवीत. एका रविवारी आम्ही सगळे खडकवासल्याच्या चौपाटीवर गेलो होतो. धरणाच्या काठाला उभं राहून भाजलेलं कणीस खायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं, हा सिंहगड रस्त्यावरच्या जनतेचा नेहमीचा परिपाठ. मी नातवाला धरण समजावून सांगत होतो. हे धरण इंग्रजांनी १८७० च्या दशकात बांधलं. फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून साहेबाने या जलाशयाला 'लेक फाइफ' नाव ठेवलं. साहेब गेला, नाव गेलं, लोकांनी आपलं खडकवासलाच चालू ठेवलं. आणि १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी त्यांच्या शोधाची स्वयंचलित दारं पहिल्यांदा बसवली ती इथेच. पाणी ठराविक पातळीच्या वर चढलं की दारं आपोआप उघडायची, उतरलं की आपोआप मिटायची. वर माणूस उभा करायची गरज नाही.

नातवाने कणसाचे दाणे चावता चावता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, हे खरंय, की धायरीसारखं?"

माझ्या हातातलं कणीस हातातच राहिलं.

"धायरीसारखं म्हणजे?"

"आम्हाला प्रोजेक्ट आहे ना, 'माझे गाव' म्हणून. मी शोधलं. तानाजींचं गाव कोकणात, उमरठे. त्यांना तिकडे नेलं, म्हणतात. मढे घाटातून. मढं नेलं म्हणून मढे घाट. तो तिकडे, वेल्ह्याच्या बाजूला. धायरी तर उलटीकडे आहे. मग ते धायरीवरून कशाला जातील? सिंहगडावरून कोकणात जायला पुण्याला वळसा घातला का त्यांनी?"

ऑडिटरच्या नातवाने ऑडिट केलं होतं आणि आजोबा सापडले होते. मी तोंड उघडलं, पण काही बोलायला सुचेना. समोर त्या दारांचं धरण. विश्वेश्वरय्यांनी पाण्यासाठी जे केलं, ते कोणी माणसाच्या जिभेसाठी का केलं नाही, असं त्या क्षणी वाटून गेलं. फक्त ती दारं उलटी बसवावी लागतील. टाळीची पातळी एका रेषेच्या वर चढली, की आपोआप मिटायला हवीत.

मला खरं लागलं ते पुढेच. खोटं पकडलं गेलं, त्याची लाज दोन दिवसांत ओसरली असती. पण विश्वेश्वरय्यांची गोष्ट खरी होती. फाइफची खरी होती. ताम्रपट खरा होता. त्या सगळ्यावर आता नातवाचं प्रश्नचिन्ह लागलं होतं. एका बनावट नोटेने माझ्या पाकिटातल्या चांगल्या नोटाही चालेनाशा केल्या. 'कोणाचं काय गेलं?' असं मी विचारत होतो ना? माझंच गेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

परतताना गाडीत मी त्याला सगळं कबूल केलं. तो हसला. मुलं अशा वेळी हसतात, ते बरं असतं. मग माझी पत सावरावी म्हणून मी त्याला एक खरी गोष्ट सांगायला घेतली. तानाजी गेले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड ठेवलं, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण तानाजी गेले १६७० साली, आणि शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेलं आहे. म्हणजे नाव सात वर्षं आधीचं.

तो एकदम गप्प झाला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मग तानाजींची गोष्टपण खोटी?"

त्याच्या आवाजात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. गाडी नांदेड फाट्याला गर्दीत अडकली होती, त्यामुळे विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला. सिंहगड रस्त्याचा हा एक गुण आहे.

"गोष्ट खोटी नाही," मी म्हटलं. "तानाजी खरे, रात्रीची चढाई खरी, मरण खरं. नाव तेवढं आधीचं. पण लोकांना राहवलं नसेल. एवढा माणूस गेला आणि गडावर त्याची काहीच खूण नाही, हे मनाला पटेना. मग जे नाव गडावर होतं, तेच त्यांनी तानाजींच्या अंगावर शेल्यासारखं घातलं. कोणा एकाने नाही. हजारो लोकांनी, शेकडो वर्षं, आणि प्रत्येकाला ते खरंच वाटत होतं. शिवाय तानाजी काही नाव ठेवून घ्यायला चढले नव्हते. गड घ्यायला चढले होते. नावाचा तपशील बदलला, म्हणून त्या चढाईतली एक पायरी कमी होत नाही."

"मग मढे घाट?"

"तेही तसंच. लोक सांगतात, तू 'सांगतात' असंच लिही."

"मग तुम्ही सांगितलं ते कशासाठी?"

"टाळीसाठी," मी म्हटलं. गर्दी सुटली आणि गाडी पुढे गेली.

दुसरा खडा जरा मोठा होता. धायरी गावात धारेश्वराचं देऊळ आहे. संध्याकाळी मी तिकडे पाय मोकळे करायला जातो. तिथे गावातले एक वयस्कर गृहस्थ येऊन बसतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ऐंशीच्या पुढचे आहेत, डोक्याला टोपी, हातात काठी. आमचं बोलणं पावसापासून सुरू होऊन पावसाशीच संपायचं. त्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, ती रडायची गोष्ट तुमचीच म्हणं."

मी कबूल झालो. आबा जरा वेळ काठीने जमिनीवर रेघा मारत बसले.

"नात कालिजात जाती माझी. पोरी तिला म्हणत्यात, रडक्या गावची आली. हसण्यावारी नेती ती. पर मला ऐकवलं न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमिनी आमीच इकल्या, साहेब. कुणी हात पिरगाळला नव्हता. त्याचं रडगाणं आमी गात न्हाई. पर नाव काय इकलं नव्हतं."

रागाने बोलले असते, तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पुणेकराला रागाचं उत्तर देता येतं. ते हिशेब सांगावा तसं बोलले. फ्रान्समध्ये गिलोटिन नावाचं मुंडकी छाटायचं यंत्र होतं. ज्यांचं नाव त्याला चिकटलं, त्या गियोतँ नावाच्या डॉक्टरने ते बनवलंच नव्हतं. उलट त्याला फाशीची शिक्षाच नको होती. शिक्षा द्यायचीच तर निदान हाल होऊ नयेत, एवढंच तो १७८९ साली म्हणाला होता. यंत्राचा आराखडा दुसऱ्याच डॉक्टरचा. पण लोकांच्या तोंडी हा बसला तो बसला, आणि दोनशे वर्षं त्या दयाळू माणसाच्या नावावर सगळी मुंडकी जमा होत आहेत. आबांच्या नातीच्या खात्यावर मी तसंच रडणं जमा केलं होतं, तिला न विचारता.

"मग आबा, खरं काय? धायरी नाव कशावरून?"

"म्हातारी माणसं धारेश्वराकडं बोट दावायची," आबा म्हणाले. "पर देवावरनं गाव, का गावावरनं देव, ते देवालाच ठावं. ठावं न्हाई ते आमी बोलत न्हाई." आणि मग त्यांनी काठी आमच्या इमारतीच्या दिशेने उचलली. "तुमची बिल्डिंग हाय ना, तिचं सांगतो. तिला आमी बोराटी म्हणायचो. बांधाला बोरी होत्या, सात का आठ. आमच्या आईला तिथं काटा मोडला होता, पाय पिकला, म्हयनाभर घरात होती. तुमची मोटार लावत्यात ना, तितं."

मी उभा राहून पाहिलं. आमच्या इमारतीला एक इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ हिरवं कुरण. कुरण मी अजून पाहिलेलं नाही. आठ वर्षं मी ज्या जागेवर झोपतो, जेवतो, भांडतो, तिचं नाव बोराटी आहे, हे मला माहीत नव्हतं. मी तानाजींपर्यंत धावत गेलो आणि पायाखालची बोराटी राहून गेली. तिला ताम्रपट नाही, पत्र नाही. एक काटा आहे, आणि त्याचा साक्षीदार माझ्या शेजारी बसला होता. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं चोख व्हाउचर पाहिलेलं नाही.

गोष्टीने कोणाचं काय गेलं, असं विचारून भागत नाही, हे मला तिथे कळलं. ती कोणाच्या खात्यावर पडते, ते बघायला लागतं. लोक आपल्याच गडाची, आपल्याच घाटाची कथा सांगतात, तेव्हा तिचा भार तेच वाहतात. मी आबांच्या गावाची कथा रचली. टाळी मी घेतली आणि भार त्यांच्या नातीने वाहिला. आणि जागेचं नाव ही चीज अशी आहे, की तिथे एखादी खोटी गोष्ट ऐटीत येऊन बसली, की खरी छोटी गोष्ट अंग चोरून निघून जाते. बोराटीला टाळी पडत नाही. तिला पदर लावणारं कोणी नाही. आबा गेले की ती संपली.

पुढच्या गणेशोत्सवात मी सेक्रेटरींकडे स्वतःहून पाच मिनिटं मागितली. माइक हातात घेतला आणि सांगितलं, की गेल्या वर्षी धायरीची जी कथा मी सांगितली, ती माझ्या डोक्यातून आली होती. तिला काही आधार नाही. धायरी गावच्या मंडळींची मी माफी मागतो. कृपया ती कोणी पुढे पाठवू नये.

प्रचंड हशा आणि टाळ्या. लोकांना तो विनोद वाटला. खाली उतरल्यावर एक गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, केवढा हा विनय!" त्याच बाई, पदरवाल्या, जरा नाराज होत्या. "मागच्या वर्षीचं जास्त छान होतं," म्हणाल्या. एकाने तर खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्यावर कोणी दबाव आणला का?" आठवड्याने मोबाइलवर मजकूर आला तो जुनाच, शेवटी एक नवी ओळ: 'हा इतिहास दडपण्याचा प्रयत्न होत आहे.' 

आबांना मी सगळा वृत्तांत सांगितला. ते बराच वेळ हसले. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणाले. "बांध फुटल्यावर माती लावून उपेग न्हाई. तुमी बोललात, आमी ऐकलं."

नातवाचा प्रोजेक्ट मात्र पुरा झाला. चार पानांचा. पहिल्या पानावर सिंहगड आणि १६६३ चं पत्र. दुसऱ्यावर खडकवासला आणि ती दारं. तिसऱ्यावर, 'धायरी हे नाव कशावरून पडले हे माझ्या आजोबांना माहीत नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांनी परत घेतली आहे.' आणि चौथ्या पानावर आमच्या पार्किंगचा नकाशा, बोरी कुठे होत्या तिथे सात गोल आणि एका आठव्या गोलात प्रश्नचिन्ह. कारण आबा 'सात का आठ' म्हणाले होते. खाली लिहिलं होतं, 'साक्षीदार: आबा.'

शाळेतून दहापैकी सात गुण आले. 'गावाच्या नावाची माहिती अपूर्ण' असा शेरा होता. चिरंजिवांना ते थोडं लागलं. पालकांच्या सहीसाठी वही माझ्याकडे आली, तेव्हा मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, कपाटातून जुनं लाल पेन शोधून काढलं आणि आठव्या गोलातल्या प्रश्नचिन्हाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासले. आधार पुरेसा.'

सौभाग्यवती खांद्यावरून वाकून बघत होत्या. "अहो, सही करायला सांगितली होती," त्या म्हणाल्या, "वहीत घाण करायला नव्हे."